शववाहिकेला लागलेली सवय

आमच्या गावात माणूस मेला की त्याची घाई संपते. मर्व्हिन टफिनची मात्र जिवंतपणीच संपलेली होती. अंत्यविधीचा धंदा त्याच्या आजोबांपासूनचा, आणि घराण्याची चालही तीच. तो बोलायला लागला की दोन शब्दांच्या मध्ये तुम्ही खुशाल चहा ढवळून घ्यावा. माझी बेकरी त्यांच्या दारासमोर आहे. सकाळी तो शिंपल्यांचा गरम पॅटिस घ्यायला रस्ता ओलांडायचा, तेव्हा ओंडक्यांचे लांबलचक ट्रक थांबून राहायचे आणि ड्रायव्हर लोक शिव्यासुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. शेवटी याच्याच गाडीतून जायचंय, उगाच कशाला वाकड्यात शिरा.

नोएलीन त्याची बायको. फुलं, सँडविचेस, मयताच्या तोंडाला पावडर, रडणाऱ्यांना रुमाल, हे सगळं तिचं खातं. प्रत्येक अंत्ययात्रेत ती मर्व्हच्या शेजारी पुढच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसायची. लग्न झाल्यापासून अशीच बसत आली होती. गावातल्या लोकांना वाटायचं, शांत बाई आहे. मलाही वाटायचं.

त्यांची शववाहिका लांब, काळी, आणि गिअर आपोआप पडणारी. गावात तिला नुसतं 'काळी' म्हणतात. मर्व्हचा तिच्यावर भारी जीव. "शवपेटीवर काठोकाठ भरलेला ग्लास ठेव," तो मला सांगायचा, "थेंब सांडला तर धंदा बंद करीन." आणि खरंच, काळी चर्चच्या दारातून निघायची ती पाण्यावर बदक निघावं तशी. गिअर कधी पडला ते कुणाला कळायचं नाही.

मग हिवाळ्यात मर्व्हच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, पण गावातल्या गावात. लॉन्सेस्टन शहराची वाट बंद. आमच्याकडे दहनाची सोय नाही, मोठं इस्पितळही नाही. दोन्हींसाठी सायडलिंगचा घाट ओलांडून लॉन्सेस्टनला जावं लागतं, आणि एवढा वेळ बसणं नव्या खुब्याला झेपणारं नव्हतं. शिवाय रोज अर्धा तास कडक फळीवर उताणं पडून राहायचं, हीही डॉक्टरांचीच आज्ञा. तेव्हा वाटणी अशी झाली: लॉन्सेस्टनच्या फेऱ्या नोएलीनच्या, गावातल्या अंत्ययात्रा मर्व्हच्या.

पहिला बोभाटा झाला तो मिसेस पर्टन यांच्या वेळी. विनिफ्रेड पर्टन म्हणजे गावच्या कृषी प्रदर्शनातल्या केकच्या परीक्षक. माझ्या स्पंज केकला त्या एकदा 'धाडसी' म्हणाल्या होत्या. बक्षीस दिलं नव्हतं. अशा करारी बाईची अंत्ययात्रा, त्यामुळे झाडून सगळं गाव आलेलं. चर्चपासून दफनभूमीपर्यंत रस्ता थोडकाच, पण चढाचा. पुढे रेव्हरंड ऑस्मंड पायी, मागे काळी, तिच्यामागे आम्ही.

मर्व्हने नेहमीसारखा पाय टेकवला. टेकवला म्हणजे काय, बुटाला पेडलची चाहूल लागावी इतकाच. एरवी काळी दहा पावलांत वरचा गिअर घेऊन मांजरासारखी गुरगुरत चालायला लागायची. त्या दिवशी तिने खालचा गिअर सोडलाच नाही. आवाज चढत गेला. अखेर नाइलाज झाल्यासारखा तिने वरचा गिअर घेतला. मर्व्हला वाटलं, चढ आहे, दमली असेल, म्हणून त्याने केसभर आणखी दाबलं. काळी जणू याच इशाऱ्याची वाट बघत होती. वरचा गिअर सोडून ती पुन्हा खाली आली, डरकाळी फोडली आणि उसळली.

रेव्हरंडांनी आधी मागे न बघता पावलं लांब केली. मग झग्याचा घोळ वर धरला. मग सरळ धावायला लागले. गुलाबांचं मोठं चक्र पेटीवरून घसरून मागच्या काचेला चिकटलं आणि त्याच्या भोकातून आम्हांला मिसेस पर्टन यांची पेटी लांब लांब जाताना दिसत राहिली. आम्ही काळ्या कपड्यांतली मंडळी, निम्म्यांचे गुडघे गेलेले, मागून दुडक्या चालीने पळतोय. फाटकाशी पोचलो तेव्हा मिसेस पर्टन यांची बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "विनी कुठेही वेळेच्या आधी पोचलेली मी पहिल्यांदाच बघते आहे."

मर्व्ह लालबुंद झाला होता. "गाडीला काहीतरी झालंय," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

"थंडीमुळे असेल," नोएलीन म्हणाली आणि हॅट सरळ करत दुसरीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी काळी केरिनच्या गॅरेजमध्ये. केरिन मर्व्हच्या बहिणीची मुलगी. हातात पाना असला की कुणाचं ऐकत नाही, नसला तरी ऐकत नाही. माझी पावाची गाडी तिथेच वर टांगलेली होती, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"मामा, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," केरिन लॅपटॉपची वायर गुंडाळत म्हणाली. "तेल स्वच्छ आहे, आतल्या चकत्या ठीक आहेत. तिला फक्त सवय लागलीय."

"सवय? कसली?"

"पायाची."

मर्व्हने स्वतःच्या पायाकडे बघितलं.

"हे बघ," केरिन टायरवर बसली. "गिअर कधी बदलायचा हे ती मुळात दोन गोष्टींवरून ठरवते. गाडी किती वेगात आहे आणि पाय किती खोल गेलाय. हे कुठल्याही ऑटोमॅटिकचं झालं. पण हिचं डोकं त्याच्या पुढचं आहे. पाय कसा पडतो तेही ती बघते. हळूच टेकतो की धाडकन आदळतो. ब्रेक गोंजारून लावतोस की दाबून. वळणावर गाडी किती जोरात जाते, रस्ता चढाचा की उताराचा. या सगळ्यावरून ती चालवणाऱ्याचा स्वभाव ओळखते. शांत माणूस दिसला की पटकन वरचा गिअर टाकते. आवाज नको, पेट्रोल कमी. घाईचा माणूस दिसला की खालचाच गिअर धरून बसते, कारण हा आता पुन्हा दाबणार हे तिला माहीत झालेलं असतं."

"पण मी घाईचा माणूस आहे का?" मर्व्हने विचारलं. हे वाक्य पुरं व्हायलाही बराच वेळ लागला.

"नाहीस ना. म्हणून तर म्हणते, कुणीतरी हिला दाबून पळवतंय. चांगलं लांबवर. जो शेवटचा लांबवर चालवतो त्याचं ती ऐकते, आणि तुझ्या गल्लीभरच्या मिरवणुकीत ते विसरायला तिला वेळ मिळत नाही."

"पण हिला चालवणारे आम्ही दोघंच. मी आणि तुझी मामी."

केरिनने बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"आणि तुझी मामी तर," मर्व्ह विचार करत करत म्हणाला, "मी जरा वेग घेतला की 'मर्व्ह, लोक बघतायत' म्हणून दंडाला हात लावते."

"हं," बॉनेटमधून आवाज आला.

"हे पुसता नाही येत?"

"पुसलंय. आता पाटी कोरी आहे. पण तोच पाय पुन्हा पडला तर ती पुन्हा तेच गिरवणार."

मर्व्ह जाईपर्यंत केरिनने डोकं बाहेर काढलं नाही. तो गेल्यावर काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काही बोलले का? काहीच बोलले नाही मी." आपल्याकडे बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ड्रायव्हरचे गिअरबॉक्सात दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुसलेली पाटी आठवडाभर टिकली. त्या आठवड्यात नोएलीन लॉन्सेस्टनला एक दहन उरकून आली, आणि पुढच्याच अंत्ययात्रेला काळीने पुन्हा डरकाळी फोडली. या वेळी रेव्हरंड ऑस्मंड आधीच फुटपाथवरून चालत होते.

मर्व्हने मग डोकं चालवलं. त्याचा संशय गेला क्लाइव्हवर. क्लाइव्ह म्हणजे निवृत्त पोस्टमन, पेटीला खांदा द्यायला येतो आणि मंगळवारी काळीला आंघोळ घालतो. तरुणपणी रस्त्यात शर्यत लावली म्हणून त्याचं लायसन काढून घेतलं होतं, ही गोष्ट गावात अजून सांगतात. बिचाऱ्याचे आता हात थरथरतात, पण संशयाला वय दिसत नाही. मर्व्हने ठरवलं: मंगळवारी गाडीत लपून बसायचं आणि क्लाइव्हला रंगेहाथ पकडायचं.

आता लपायचं कुठे? मागे, पेटीच्या जागेवर. बाजूंना पडदे, वर जांभळी चादर. मर्व्ह उताणा झोपला, चादर तोंडावर ओढली आणि वाट बघू लागला. ती फळी नेमकी डॉक्टरांनी सांगितली होती तशी कडक आणि सपाट. मर्व्हला लगेच गाढ झोप लागली.

इकडे क्लाइव्हचा फोन आला की गुडघा सुजलाय, आज येत नाही. आणि पाठोपाठ लॉन्सेस्टनच्या इस्पितळातून फोन आला की एका म्हाताऱ्याला घेऊन जा. नोएलीनने घरभर हाका मारल्या. "मर्व्ह! अरे मर्व्ह! मी निघाले रे!" उत्तर नाही. तिला वाटलं, तो असेल माझ्या बेकरीत पॅटिस खात. तिने किल्ली उचलली आणि निघाली.

पुढची हकीकत मला दोघांनीही सांगितली आहे, वेगवेगळी. जिथे दोघांचं जुळतं तेवढीच सांगते.

मर्व्ह जागा झाला तो सरकल्यामुळे. पेटी आत ढकलायला सोपी जावी म्हणून त्या फळीत लाटण्यासारखे गोल रूळ बसवलेले असतात. पेटी ठेवली की तिला खुंट्या लावतात. मर्व्हला कोण खुंट्या लावणार? काळी चढाला लागली तसा तो पायाकडे घसरला आणि मागच्या दाराला त्याचे बूट टेकले. वळण आलं, ब्रेक लागला, तसा डोक्याकडे घसरला. पहिल्यांदा त्याला वाटलं आपण मेलो, आणि कुणीतरी नवखा माणूस आपली अंत्ययात्रा काढतोय. त्याला भीती वाटली नाही म्हणे. राग आला.

मग त्याला ऐकू यायला लागलं. वळणाआधी ब्रेक दाबला की काळी आपणहून एक गिअर खाली यायची. वळणात पाय थोडा सुटला तरी वरचा गिअर टाकायची नाही, तोच धरून ठेवायची. आणि वळण सरळ होतंय तोवर पाय खाली, आणि काळी तयारच. एक हिसका नाही, एक चूक नाही. आयुष्यभर गाड्या चालवलेला माणूस तो. चालवणाऱ्याचा हात पक्का आहे हे त्याला झोपल्या झोपल्या कळलं. क्लाइव्ह थरथरत्या हातांनी हे करणं शक्य नव्हतं.

समोरून ओंडक्यांचा ट्रक आला आणि त्याने दोनदा भोंगा वाजवला. पुढच्या सीटवरून नोएलीनने खिदळत दोनदा भोंगा वाजवून उत्तर दिलं.

ते हसू ऐकून मर्व्ह चादरीसकट उठून बसला.

आरशात जांभळी आकृती उठताना दिसली. दुसरी कुणी असती तर गाडी दरीत गेली असती. नोएलीनने इतकी वर्षं मयताच्या तोंडाला पावडर लावली होती. ती एकदाच किंचाळली, मग चादरीखालचे बूट ओळखून म्हणाली, "मर्व्ह, झोप खाली! वळण येतंय!"

मर्व्ह झोपला.

घाटमाथ्यावर गाड्या थांबवायला जागा आहे. तिथे तिने काळी उभी केली आणि मागचं दार उघडलं. मर्व्ह पाय खाली सोडून फळीच्या काठावर बसला. केस उभे, चादर गळ्यात.   

"मिसेस पर्टन," मर्व्ह म्हणाला. "त्यांच्या वेळी तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. केरिनने नंतर सांगितलं."

"केरिनने मला नाही सांगितलं."

"मी तिला शपथ घातली होती."

"आणि हे ट्रकवाले?"

"त्यांना काय सांगायचं? ते समोरून येतात. त्यांना दिसतं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून." मर्व्हने चादरीची घडी घालायला सुरुवात केली. "पेटी असताना पण अशीच?"

नोएलीनला एकदम राग आला. "वेडा आहेस का? पेटी असताना मी तुझ्यापेक्षा हळू जाते! रिकामी असली तरच. आणि वेगाच्या पाट्या मी पाळते हं. जिथे दिसतात तिथे."

मर्व्हने घडी मांडीवर ठेवली.

"तुला आठवतं, माझे बाबा ओंडक्यांचा ट्रक चालवायचे?" तिने विचारलं. "याच घाटात मी शिकले. लग्नाच्या आधी मी तुला सांगितलं होतं की मला गाडी चालवायला आवडते. तू म्हणालास, छान. आणि मग मला शेजारच्या सीटवर बसवलंस. इतकी वर्षं मी चालत्या माणसांच्या पुढे पुढे सरपटत गेले, मर्व्ह. मागे झोपलेली माणसं मेलेली होती रे. मी नव्हते."

 मर्व्हने मला नंतर सांगितलं, त्याच्या मनात आलं ते असं: ही गाडी काही आठवड्यांत नोएलीनला ओळखून बसली, आणि मी? पण हे बोलायला त्याला लाज वाटली. म्हणून तो म्हणाला, "माझा खुबा दुखतोय."

नोएलीन घाबरली. "अगं बाई, लागलं का?"

"नाही. पुढे बसतो."

तो पुढे, तिच्या शेजारी बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला. हात कुठे ठेवायचे त्याला कळेना. लॉन्सेस्टनपर्यंत ती इतकी सावकाश गेली की मागे गाड्यांची रांग लागली.

भांडण मिटलं असं नव्हे. दोन दिवस मर्व्ह पॅटिस घ्यायला आला की पैसे देऊन न बोलता जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला पण माहीत होतं?" मी काउंटरखाली पिशव्या शोधायला लागले. केरिनचीच युक्ती.

पण काळीचा प्रश्न राहिलाच होता. नोएलीनचा घाट बंद करायचा, की अंत्ययात्रेत रेव्हरंडांना पळवायचं? नोएलीन म्हणाली, "बंद करते." ते तिने अशा आवाजात म्हटलं की मर्व्हच म्हणाला, "नको." मग केरिनने मार्ग काढला. नोएलीन घाटातून परत आली की मर्व्हने काळीला गावातून लांबवर, सावकाश, तिचं मन शांत होईपर्यंत फिरवायचं.

झालं. संध्याकाळच्या चहाच्या वेळी रिकामी शववाहिका गावातून फिरायला लागली. प्रत्येक गल्लीतून, चालत्या माणसाच्या वेगाने. लोकांनी पडदे ओढून घेतले. क्लाइव्हच्या दारावरून गेली तेव्हा तो काठी टेकत बाहेर आला आणि ओरडला, "मर्व्ह, नुसता गुडघा आहे रे!" वृद्धाश्रमाजवळचा रस्ता सपाट आणि रुंद, म्हणून मर्व्ह तिथे जास्त फेऱ्या मारायचा. वृद्धाश्रमातली मंडळी व्हरांड्यात बसलेली असायची. पहिल्या दिवशी ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी हात हलवून सांगितलं, "पुढच्या घरी विचार! इथे सगळे ठणठणीत आहेत!" तिसऱ्या दिवशी आश्रमाच्या मेट्रनबाई माझ्या बेकरीत आल्या. "त्याला सांगा, आमच्याकडे चार जणांनी जेवण सोडलंय. आणि एका आजीने सगळे दागिने अंगावर घातलेत."

मग केरिनने फेरी गावाबाहेर, बटाट्याच्या शेतांकडे हलवली. तिथे फक्त गाई असतात, आणि त्यांना काही वाटत नाही.

मर्व्ह एकटाच जायचा. एकदा पावसाची भुरभुर होती, म्हणून नोएलीन बरोबर गेली. ती शेजारी बसली, मांडीवर हात ठेवून, पूर्वीसारखी. परत आल्यावर मी विचारलं, कंटाळा आला असेल ना? तर म्हणाली, "नाही गं. पेटी नसली की मर्व्ह बोलतो. आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. मागे माणूस असला की तो आदरानं गप्प बसायचा."

आता खुबा पुरता बरा झालाय. डॉक्टरांनी लॉन्सेस्टनची परवानगीही दिली आहे. मला वाटलं होतं, मर्व्ह पुन्हा चाक हातात घेईल. परवा लॉन्सेस्टनला एक दहन होतं. जाताना मर्व्हने चालवलं. येताना काळी रिकामी. मर्व्हने इस्पितळाच्या पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, उतरला, बॉनेटला वळसा घालून नोएलीनच्या दाराशी आला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"पण हळू हं," तो बसताना म्हणाला आणि खिडकीवरचं कडं घट्ट धरून त्याने डोळे मिटले.

नोएलीन सांगते, ती खरंच हळू निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मागून एक ट्रक आला आणि भोंगा वाजवत पुढे निघून गेला.

मर्व्हने एक डोळा उघडला. ट्रककडे बघितलं. मग नोएलीनकडे.

"इतकं पण हळू नको गं," तो म्हणाला.